हजारोंच्या लॉटमध्ये चाकूच्या पात्याला फिनिश कोणतं द्यावं?

हिंगणा_वर्कशॉप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आजवर इतवारीतल्या लोहाओळीच्या व्यापाऱ्यांसाठी चाकू, सुऱ्या, बागेतली बारीकसारीक हत्यारं असा माल काढत आलो. आता एका किचनवेअर ब्रँडकडून मोठी चौकशी आली आहे. माल तीन प्रकारचा: घरगुती भाजी-फळांचा चाकू, रसवाल्यांसाठी संत्री-लिंबं कापायचा चाकू आणि काटोल-वरुडकडच्या बागाईतदारांसाठी खिशात मावणारा घडीचा चाकू. पहिल्या दोघांना १.४११६ चा (स्टेनलेसचा) पत्रा, घडीच्या चाकूला डी-२ (टूल स्टील).

ब्रँडकडून आलेल्या पोरानं मोबाइलवर चार फोटो दाखवले. आरशासारखं, सॅटिन (बारीक समांतर रेघांचं), स्टोनवॉश (दगडांत घोळवून मंद केलेलं) आणि काळं. म्हणाला, चारही नमुने पाठवा, मग ठरवू. नमुने मी देईन हो, त्यात काय. आमचे जुने बफवाले (पॉलिशच्या चाकावरचे) काका मन लावून बसले तर पात्यात बघून भांग पाडता येईल. माझी चिंता वेगळी आहे. नमुना पास होईल आणि मग त्याच दराने, नवीन पोरांच्या हातून, भर पावसाळ्यात दहा हजारावं पातं कसं निघेल?

म्हणून प्रश्न असा: लॉटमधलं सगळ्यात वाईट पातंसुद्धा पेटीत घालता येईल असं फिनिश कोणतं?

---

लोहाओळ_कट्टा

भाऊ, तुमी उगाच डोकं लावून राह्यले. काउंटरवर गिऱ्हाईक काय पाह्यते? चमक. मी दोन चाकू ठेवतो, एक चमचमता, एक मळकट राखाडी. किंमत तीच, लोखंड तेच. बाई चमकतं तेच उचलते. तुमचं ते स्टोनवॉश म्हणजे गिऱ्हाइकाले वाटते जुना माल धुऊन इकून राह्यले. मिरर पॉलिश करा, प्लास्टिकच्या खोळीत घाला, इषय संपला.

---

पट्टा_आणि_बफ

कट्टेवाल्या भाऊंचं काउंटरपुरतं खरं आहे. पण चमक बफावर येते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या शेडमध्ये यावं. मी पॉलिशिंगचं जॉबवर्क करतो.

आरसा बफावर येत नाही, घासायच्या पट्ट्यावर येतो. बेव्हल (धारेकडचा उतार) १२० नंबरच्या पट्ट्याने (नंबर मोठा तशी रेघ बारीक) काढला की २४०, मग ४००, मग ६००, आणि त्यानंतर सिसलचा बफ, मग कापडाचा. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीची रेघ पूर्ण गेली पाहिजे, म्हणून हात आडवा फिरवून घासायचं. २४० ला एक खोल रेघ राहिली की ती पुढच्या सगळ्या पायऱ्या पार करून येते आणि बफ झाल्यावर दात काढून हसते. मग ते पातं परत मागे. सॅटिनमध्ये तीच रेघ इतर रेघांत मिसळून जाते, कोणाला दिसत नाही.

दुसरं, आरशाचा माल आमच्याकडून पास होऊन जातो आणि मूठ बसवताना, धार लावताना, पेटीत भरताना ओरखडतो. एकावर एक पाती ठेवली की संपलं. आमच्या एका गिऱ्हाइकाचा माल ऑनलाइन विकला जायचा, तिथून परत येणाऱ्या चाकूंवर तक्रार एकच, 'वापरलेला चाकू पाठवला'. चाकू नवाच होता, खोळीत घासला गेला होता.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, गुणाची आहे. बफावर पातं तापतं. धारेकडची कड कागदासारखी पातळ, तिथे उष्णता जायला जागा नाही. घाई करणारा पोऱ्या टेम्पर (पोलादाचा कडकपणा) उतरवून ठेवतो आणि वरून पातं सुंदर दिसतं.

---

हिंगणा_वर्कशॉप

टेम्पर उतरला तर निळं पडेल ना? आमच्याकडे निळं दिसलं की बाजूला टाकतात.

---

धातुवाचक

इथेच गडबड होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी व्हीएनआयटीतून मेटलर्जी केलं, आता उष्णता उपचाराच्या धंद्यात आहे.

साध्या कार्बन पोलादावर २२० अंशांच्या आसपास पिवळसर छटा येते आणि ३०० च्या जवळ निळी. आपल्या कारागिरांचे डोळे त्यावर घडलेले आहेत. स्टेनलेसमध्ये क्रोमियममुळे ऑक्साइडचा थर हळू वाढतो, त्यामुळे त्याच छटा बऱ्याच वरच्या तापमानाला येतात. तुमचं १.४११६ साधारण २०० च्या आत-बाहेर टेम्पर केलेलं असणार. बफावर कड त्याच्या बरीच वर गेली तरी रंग बदललेला दिसेलच असं नाही. निळं पडलेलं पातं नक्की गेलेलं असतं, पण न पडलेलं ठीकच आहे असं धरू नका. रॉकवेलवर (कडकपणा मोजायच्या मशीनवर) धारेची कड मोजता येत नाही, ती फार पातळ असते. मायक्रोहार्डनेस काढावा लागतो, नाहीतर लॉटमधून काही पाती काढून दोरी कापून बघायची.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. लोक फिनिशला शेवटची पायरी समजतात. खरं तर ते ग्राइंडिंगच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. ब्लँकिंग (पत्र्यातून पातं कापणं), हार्डनिंग (तापवून कडक करणं), टेम्परिंग (परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं), सरळ करणं, बेव्हल, फिनिश, मूठ, धार हा तुमचा क्रम असेल. यात बेव्हलचा पट्टा किती खरखरीत आणि किती झिजल्यावर बदलायचा, हे फिनिश सांगतं. आरसा ठरवला तर पट्टे लवकर फेकावे लागतात. स्टोनवॉश ठरवलं तर १८० ला थांबता येतं. पण ६० च्या पट्ट्याच्या खोल रेघा स्टोनवॉश झाकतं हा गैरसमज आहे. दगड उथळ ओरखडे गिळतात, खोल चर तिथेच राहतात, उलट त्यांच्या कडा गोल होऊन ते जास्त उठून दिसतात.

तुमच्या तिन्ही चाकूंना एकच फिनिश द्यायचा मोह टाळा. पोलाद वेगळं, कापायची वस्तू वेगळी. डी-२ ला आरसा तर मुळीच नको. त्यात क्रोमियम कार्बाइडचे मोठे कठीण दाणे असतात. बफ भोवतालचं मऊ पोलाद खातो, दाणे तसेच राहतात, आणि जास्त बफ केलं की पृष्ठभाग खडबडीत होतो. टूलरूमवाले त्याला ऑरेंज पील (संत्र्याची साल) म्हणतात. संत्रानगरीत राहून ती साल पात्यावर कशाला हवी! डी-२ साठी स्टोनवॉश.

---

संत्रागल्ली

माझ्या मामांचा रसाचा ठेला आहे, उन्हाळ्यात मी पण बसतो. आमचा अनुभव: चाकू दिवसभर ओला असतो, वर लिंबाचं पाणी, मीठ, मग रात्री फडक्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी तपकिरी ठिपके. चमकत्या चाकूला कमी येतात, रेघारेघांच्या स्वस्त चाकूला जास्त. मामा म्हणतात लोखंड खराब. खरं काय?

---

धातुवाचक

मामा अर्धे बरोबर आहेत. लोखंड आणि पृष्ठभाग दोन्ही. आम्ल आणि क्लोराइड म्हणजे मीठ एकत्र आलं की स्टेनलेसचा संरक्षक थर तुटतो आणि खड्डा सुरू होतो. जिथे चर खोल तिथे रस साचतो, तिथून सुरुवात. म्हणून गंजाच्या बाबतीत आरसा सगळ्यात चांगला, बारीक सॅटिन त्याच्या मागे. अन्नाच्या यंत्रसामग्रीत पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) च्या आत ठेवतात, धुता यावं म्हणून. रसवाल्याच्या चाकूला तीच मर्यादा धरा आणि नीट चालवलेल्या ४०० च्या पट्ट्याने त्याच्या आत आरामात याल.

---

हिंगणा_वर्कशॉप

मग बीड ब्लास्ट (हवेच्या दाबाने काचेचे मणी मारणं)? आमच्याकडे कॅबिनेट पडून आहे. मॅट दिसतं, एकसारखं दिसतं, पोऱ्याला शिकवायला अर्धा दिवस पुरतो. आमच्या प्रश्नाचं उत्तर तेच तर वाटतं.

---

पट्टा_आणि_बफ

दिसायला एकसारखं, हे फक्त पहिल्या दिवशी. काचेचे मणी फुटत जातात. नवे मणी गुळगुळीत चकाकी देतात, फुटलेले टोकदार होऊन पांढरट खरवडतात. सकाळची पाती आणि संध्याकाळची पाती शेजारी ठेवली की दोन कारखान्यांची वाटतात. मणी किती तासांनी चाळायचे, किती बदलायचे, हे कोणीतरी वहीत लिहावं लागतं आणि ते कोणी लिहीत नाही.

त्यात आपला पावसाळा. जून-जुलैत कॉम्प्रेसरच्या हवेत इतकं पाणी येतं की मणी गुठळ्या होऊन नोझलमध्ये अडकतात. ड्रायर आहे का? नसेल तर चार महिने विसरा.

---

धातुवाचक

आणि रसवाल्याच्या चाकूला तर ब्लास्ट बिलकुल नको. ब्लास्ट केलेला पृष्ठभाग म्हणजे नांगरलेलं शेत, पडलेलं पाणी धरून ठेवणार. प्रत्यक्ष क्षेत्रफळ वाढतं, बारीक खळग्यांत मीठ बसतं. हे कॅबिनेट आधी कार्बन पोलादासाठी वापरलं असेल तर आणखी वाईट, कारण मण्यांतले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात.

एक विनंती, धाग्याच्या बाहेरची. ज्यांच्याकडे अजून कन्हानची वाळू चाळून ब्लास्टिंग चालतं त्यांनी ते थांबवा. सिलिकोसिस (वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) कायद्याने अधिसूचित रोग आहे, म्हणजे नोंदवणं बंधनकारक. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कोरड्या दगडावर घासणारे कामगार या धुळीनेच तरुणपणी गेले. काचेचे मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा, आणि तेही बंद कॅबिनेटमध्ये.

---

फोडणीवाली

मी चाकू बनवत नाही, फक्त वापरते, पण एक सांगू का? मॅट चाकू घासला तरी घासल्यासारखा वाटत नाही. हळद लागली की पिवळटपणा राहतो. आणि आरशाच्या चाकूला बटाट्याच्या चकत्या चिकटून बसतात, प्रत्येक चकती बोटाने सोडवा. मधलं काही नसतं का?

आणि लोहाओळवाल्या दादा, बायका चमक बघून उचलतात हे दुकानात ठीक. महिनाभर तारेच्या घासणीने घासला की तुमची चमक कुठे असते ते आमच्या ओट्यावर येऊन बघा.

---

लोहाओळ_कट्टा

ताई, महिन्याभरानं काय होते ते मले माहीत आहे जी, म्हणून तर दुसरा चाकू इकला जाते 😄

पण बरं, एक कबूल. हॉटेलवाले, मटणवाले चमक पाहत नाहीत. ते अंगठ्यानं धार पाहतात अन् पाठ किती जाड ते. सुऱ्याले कोणी पॉलिश मागत नाही.

---

धातुवाचक

ताई, मधलं म्हणजे सॅटिन. बहुतेक मोठे कारखाने घरगुती चाकूला तेच देतात, मशीनवर, रेघा पाठीकडून धारेकडे जाणाऱ्या. जर्मनीतलं झोलिंगेन असो, चीनमधलं यांगजियांग असो, लाखोंच्या मालात हाताने बफ केलेला आरसा फार कमी दिसतो. चिकटण्यात सॅटिनने थोडा फरक पडतो, फार नाही. चकती सोडवणं हे पात्याच्या आकारावर जास्त अवलंबून आहे, बाजू किंचित फुगीर असली की हवा शिरते.

---

काळी_पाती

चौथ्या फोटोबद्दल कोणीच बोलत नाही. काळ्या चाकूची तरुण पोरांत फार मागणी आहे. घडीच्या चाकूला तरी काळं द्या. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड नाहीतर डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) करून मिळतं.

---

धातुवाचक

काळ्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात.

वर्कशॉपमध्ये ज्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात ते म्हणजे साधारण १४० अंशांच्या कॉस्टिक बाथमध्ये पोलादावर मॅग्नेटाइटचा (काळ्या लोह-ऑक्साइडचा) थर आणणं. थर अगदी पातळ, गंज रोखतो तो मुख्यतः त्यात मुरलेलं तेल. संत्र्याच्या रसाने हा थर खरवडल्यासारखा जातो. बागाईतदार तो चाकू फळ कापायला वापरणारच. शिवाय साध्या पोलादाचा बाथ स्टेनलेसवर चालत नाही.

रंगासारखी कोटिंग्ज खालचे दोष झाकतात, म्हणूनच स्वस्त चाकूंवर दिसतात. धार लावताना कडेपासून निघायला सुरुवात होते.

पीव्हीडी (निर्वात पेटीत वाफेने बसवलेला थर) आणि डीएलसी हे खरं काम. पण थर काही मायक्रोनचाच, खालच्या रेघा जशाच्या तशा दिसतात, म्हणजे आधी पातं चांगलं करावंच लागतं. आणि तापमान विचारा! टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड बऱ्याचदा ४०० ते ५०० अंशांत बसवतात. २०० ला टेम्पर केलेलं १.४११६ त्यातून मऊ होऊन बाहेर येईल. डी-२ ५०० च्या वर टेम्पर केलं असेल तर टिकेल, पण तसं केलं तर आधीच कमी असलेली गंजरोधकता आणखी घटते. डीएलसी कमी तापमानाला होतं, तरी कोटिंगवाल्याकडून आकडा लेखी घ्या.

---

हिंगणा_वर्कशॉप

काळं रद्द. पुढचा प्रश्न, पॅसिव्हेशन (आम्लाच्या बाथने स्टेनलेसचा संरक्षक थर पक्का करणं) करावं का? एका सप्लायरने नायट्रिकचा बाथ सुचवला आणि तपासायला कॉपर सल्फेटची बाटली दिली. थेंब टाकायचा, तांबं चढलं तर फेल.

---

बुटीबोरी_क्यूसी

ही बाटली तुमच्या मालासाठी चुकीची आहे. कॉपर सल्फेटची चाचणी ३०४ सारख्या स्टेनलेससाठी. कडक होणाऱ्या ४०० मालिकेतल्या पोलादावर (तुमचं १.४११६ त्याच जातीचं) ती चांगल्या पात्यालाही फेल दाखवू शकते. शिवाय अन्नाला लागणाऱ्या वस्तूवर ती करायचीच नसते. पात्यांसाठी आर्द्रतेची नाहीतर पाण्याची चाचणी करा. पाती ओली करून बंद डब्यात दमट ठेवा, दुसऱ्या दिवशी ठिपके मोजा. खरेदीदार मोठा असेल तर आयएसओ ८४४२-१ हे चाकूंचं मानक मागेल, त्यात गंजाची चाचणी आहे. धारेसाठी त्याच मालिकेतला भाग ५.

नायट्रिकबद्दल जपून. कमी क्रोमियम आणि जास्त कार्बनच्या पोलादाला चुकीच्या तीव्रतेचं नायट्रिक काळपट खाऊन टाकतं. सायट्रिक ॲसिडचा बाथ सांभाळायला सोपा. लिंबाच्या ज्या आम्लाने रसवाल्याच्या चाकूला ठिपके येतात, तेच मिठाशिवाय, ठरलेल्या वेळात आणि तापमानाला दिलं की पृष्ठभागावरचे सुटे लोखंडाचे कण काढून टाकतं. पण आधी डिग्रीजिंग (तेल-वंगण काढणं) नीट झालं पाहिजे. बफच्या साबणाचा थर राहिला तर बाथ काहीच करत नाही.

शेवटचं पाणी बोअरचं वापरू नका. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, सुकल्यावर पांढरे डाग आणि त्याखाली पुढे गंज. आरओचं घ्या आणि गरम हवेने लगेच सुकवा. आणि बाथचं, टम्बलरचं (स्टोनवॉशच्या मशीनचं) पाणी गटारात सोडायचं नाही. गाळ बुटीबोरीच्या सामायिक घातक कचरा केंद्रात जातो, त्याची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदात आधी टाकून घ्या, नंतर टाकायला गेलात तर चपला झिजतील.

---

धारवाले_महाल

मी महालात धार लावतो, वडिलांपासूनचं काम. तुमी सगळे फिनिश बोलून राह्यले, धार कोणी बोलत नाही. माझ्याकडं चमकता चाकू येते, दोन महिन्यात बोथट. घासतो तर पोलाद मऊ लागते, दगडावर लोण्यावानी जाते. हे २०२ चा (स्वस्त स्टेनलेसचा) पत्रा कापून केलेले चाकू, ते कडक होतच नाहीत. चमक मात्र झकास. अन् दगडावर दोनदा घासलं की बेव्हलजवळची पॉलिश जातेच, मंग गिऱ्हाईक माह्यावर भडकते की चाकू खराब केला. सॅटिनवाल्या चाकूवर माझ्या रेघा दिसत नाहीत, कोणी भांडत नाही. मले इचाराल तर तेच करा.

---

पट्टा_आणि_बफ

काकांनी हा मुद्दा आणला हे बरं झालं. दुकानातून निघाल्यावर पाच वर्षं चाकू काकांसारख्यांच्याच हातात असतो.

---

हिंगणा_वर्कशॉप

सगळ्यांचे आभार. धारवाल्या काकांचं ऐकून ब्रँडवाल्यांना आज असं कळवलं: घरगुती आणि रसवाला दोन्ही ४०० च्या पट्ट्यावर सॅटिन, रेघा पाठीकडून धारेकडे, रसवाल्याला वरून सायट्रिक. घडीच्या चाकूला स्टोनवॉश. आरसा हवाच असेल तर भेटवस्तूंच्या पेटीपुरता वेगळा दर, वेगळी मुदत, आणि तो बफवाले काकाच करतील. नमुनेही बफवाल्या काकांना न देता नव्या पोराकडून करून घेतले, मुद्दाम. त्यातली सगळ्यात वाईट तीन पाती निवडून पाठवली, 'माल असा येईल' म्हणून. फोनवर पोरगा थोडा गप्प झाला, पण त्याच्या साहेबांनी परत फोन करून सॅटिनला होकार दिला. स्टोनवॉशचा अजून बघू म्हणतात.

टम्बलर अजून घ्यायचा आहे. व्हायब्रो बाऊल (थरथरणारं भांडं) घेऊ की बॅरल (फिरणारं पिंप)? आणि मीडिया (आत घालायचे दगड) कोणता? घडीच्या पात्याला पिव्हटचं (ज्या खिळीवर पातं फिरतं तिचं) भोक आहे.

---

बुटीबोरी_क्यूसी

बाऊल घ्या. बॅरलमध्ये पाती एकमेकांवर जास्त आपटतात, टोकं वाकतात. मीडिया सिरॅमिकचा, आणि भरपूर, पाती त्यात बुडून एकमेकांपासून लांब राहिली पाहिजेत. दगडाचा आकार भोकापेक्षा स्पष्ट मोठा, जवळपास सारखा घेतलात तर प्रत्येक पात्यातून टोच्याने दगड काढत बसाल. कंपाउंडमध्ये (टम्बलरच्या साबणात) गंजरोधक हवंच, डी-२ ओलं राहिलं तर लवकर रंग धरतं. सुकवायला मक्याच्या कणसाचा भुसा चांगला.

धार टम्बलिंगनंतर. लेझरचा लोगो पण नंतर, नाहीतर पुसट होतो. लॉकची बाजू आणि पिव्हटचं भोक टम्बलिंगमध्ये गोल होतं, ते शेवटी मापात आणायची जागा प्रोसेस शीटमध्ये ठेवा.

---

हिंगणा_वर्कशॉप

लॉकचा मुद्दा डोक्यातच नव्हता, शीटमध्ये टाकतो. बाऊल सेकंडहँड कोणाकडे असेल तर व्यनि करा. आधी त्यात कार्बन पोलाद फिरवलं असेल तर मीडियासकट नको, नुसता बाऊल चालेल.